कोबीचा खटला

हैदराबाद म्हटल्याबरोबर तुम्ही ताट पुढं ओढून बसला असाल. आता बिर्याणी येईल, मग चारमिनार येईल, मग एखादा म्हातारा नवाब अत्तर लावून येईल. कुणी यायचं नाहीये. पुढं यात अमेरिका पण आहे असं सांगितलं की तुम्ही मान हलवाल, हां, म्हणजे व्हिसाची रांग, सॉफ्टवेअर, विमानतळावर डोळे पुसणारी आई. ते पण नाही. माझ्याकडं पासपोर्टच नाही. आई डोळे पुसते, पण ते मी फोन उचलत नाही म्हणून.

मी अमेरिकेतल्या सहावीच्या पोरांना त्यांच्याच देशाचा इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचं सामान बनवतो. कुठं, तर सुलतान बाजारात, साड्यांच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. सामान म्हणजे काय ते पण सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल ट्रंका भरून पाठवतो. कार्डं, नकाशे, प्रश्नांची पानं, शिक्षकासाठी एक मार्गदर्शिका, आणि पोरांना ऐकवायला रेकॉर्ड केलेले आवाज. तिकडची शिक्षिका हे सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेते, छापते आणि पोरांकडून कात्रीनं कापून घेते. कापायची ती तुटक रेघ असते ना, ती मी मारतो. अमेरिकेच्या जडणघडणीत माझं एवढं तरी आहे.

नोकरी लागली ती आवाजामुळं. माझं गाव नांदेडच्या पलीकडं, तेलंगणाला टेकलेलं, तालुक्याचं. शाळा जिल्हा परिषदेची. आमचे इंग्रजीचे सर इंग्रजी मराठीतून शिकवायचे आणि मराठीचे सर काहीच शिकवायचे नाहीत. तिथं मी एकदा खिडकीमागून हेडमास्तरांच्या आवाजात "चला रे, आज अर्धी शाळा" म्हणालो तर दोन वर्ग दप्तर घेऊन घरी गेले. एक शिक्षक पण गेले. मार मला एकट्याला पडला.

इंटरव्ह्यूला सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, हातात एक कार्ड दिलं. सर तेलुगू, अमेरिकेत बरीच वर्षं काढून आलेले. कार्डावर तिकडच्या एका जुन्या शेतकऱ्याचं म्हणणं होतं. ते वाचून दाखव म्हणाले. माझं इंग्रजी तेव्हा स्टँडवरून निघणाऱ्या एसटीसारखं होतं, पुढं जायच्या आधी बराच वेळ मागं यायचं. पण मी सरांना अर्धा तास बोलताना ऐकलं होतं. मी त्यांचाच आवाज लावला, थोडा म्हातारा केला, आणि वाचलं. मला इंग्रजी येत नव्हतं, पण इंग्रजी बोलणारा माणूस येत होता. सर हसले नाहीत. म्हणाले, सोमवारपासून ये.

तर मलकपेठेत तीन जणांत एक खोली घेतली आणि रोज सकाळी बसनं सुलतान बाजारला यायला लागलो.

ऑफिसात एक मराठी माणूस होतं, ते म्हणजे बाई. बाई हैदराबादच्याच, त्यांचे आजोबा पण हैदराबादचे. त्यांनी तीस वर्षं इथल्या एका मराठी शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं. मग वर्गात पोरं कमी होत गेली, बाई रिटायर झाल्या, आणि सरांनी त्यांना इथं स्पेलिंग आणि सनावळ्या तपासायला घेतलं. मराठी अशी बोलायच्या की मधेच "हौ" यायचं, मधेच "नक्को", मधेच तेलुगूतला एखादा शब्द, आणि मग एकदम "कर्तव्ये व अधिकार" यायचं. मला त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, "कोणत्या गावचा रे तू? बोलायलास तर असा जसं काय बस पकडायची आहे."

आठवड्याभरात मला बाई यायला लागल्या. आवाज हो. चष्मा नाकावर खाली घेऊन, श्वास आधी घेऊन, मग बोलायचं. एकदा मी ऑफिसातल्या चित्रकाराला बाई करून दाखवत होतो आणि मागं बाई उभ्या. त्यांनी चाळीस पानं हातात दिली आणि झेरॉक्सला पाठवलं. लिफ्ट बंद होती.

वर्षभर स्पेलिंग तपासल्यावर बाईंनी सरांकडं स्वतःचा एक पाठ लिहायला मागितला. सर म्हणाले, लिहा. पण अट घातली. तिकडं एका छोट्या गावातल्या शाळेत एक मॅडम आहेत, त्या आमचे नवीन पाठ आधी आपल्या वर्गात करून बघतात. त्यांनी घेतला तर घेतला. नाही घेतला तर बाईंनी परत स्पेलिंगवर जायचं, आणि लिहिण्याचं नाव काढायचं नाही.

"परत स्पेलिंग नक्को रे," बाई मला म्हणाल्या. "तीस वर्षं मी नागरिकशास्त्र शिकवलं ना, ते काय शिकवलं सांगू का? पुस्तकाच्या मागं शेपटासारखं चिकटवलेलं असायचं ते. परीक्षेच्या आधी चार तासांत उरकायचं. 'न्यायमंडळाची कार्ये लिहा.' पोरं लिहायची. एकानं कधी तोंड उघडलं नाही, आणि मी पण कधी उघडू दिलं नाही, पोर्शन संपायचा होता. आता एक तरी पाठ असा करते की पोरं बोलतील."

तो पाठ म्हणजे कोबीचा खटला.

गोष्ट साधी होती. अमेरिका इंग्रजांच्या ताब्यात होती त्या काळातलं एक गाव. एका विधवा बाईच्या परसात कोबी. शेजाऱ्याची गाय. मधलं कुंपण मोडलेलं. गाय रात्री शिरली आणि कोबी फस्त. आता चूक कुणाची? वर्गातली पोरं ज्युरी होणार, म्हणजे गावातली साधी माणसं जी खटला ऐकून निकाल देतात. त्यांच्या हातात एक चिठ्ठी, चिठ्ठीवर दोन चौकोन. गायवाला जबाबदार आहे, गायवाला जबाबदार नाही. सगळ्यांचं एकमत झालं पाहिजे. झालं.

आमच्या सरांचा एक नियम आहे. कुठलाही पाठ पाठवायच्या आधी तो इथं चालवून बघायचा, आणि तो पण अशा माणसांवर ज्यांना अमेरिकेचं काही माहीत नाही. त्यांना कळलं तर सहावीच्या पोरांना कळेल. त्यामुळं आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी अमेरिकेचा बराच इतिहास बसल्या जागी करून टाकलाय. खालच्या दुकानात साड्यांना फॉल लावणारे चाचा आहेत, ते तिकडच्या बंडात एकदा इंग्रज सेनापती झाले होते आणि हरायला तयारच नव्हते.

या वेळेला ज्युरीला सहा जण जमवले. चाचा, साडीच्या काउंटरवरच्या अक्का, वॉचमन, आमचा चित्रकार, समोरच्या होमिओपॅथीतले कंपाउंडर, आणि एक ताई ज्या फॉल लावून घ्यायला आल्या होत्या आणि चाचाच वर आल्यामुळं त्यांना पण यावं लागलं. बाकी सगळं मी. विधवा पण मीच, गायवाला पण मीच, जज पण मीच. गाय पण मीच झालो असतो, पण बाईंनी नको म्हटलं.

मी दोन्ही बाजू मांडल्या, हिंदीत, जमेल तसं तेलुगूत. विधवेचं करताना थोडं रडलो. जज होऊन म्हणालो, आता विचार करा आणि खूण करा.

चाचांनी चिठ्ठी लांब धरून बघितली. "गाय का क्या कसूर जी? बाड टूटी हुई थी. दरवाजा खुल्ला रखे तो मैं भी अंदर आतौं."

"कोबी गया ना उसका," अक्का म्हणाल्या. "अकेली औरत है. मेहनत करके लगाई."

"तो बाड बनाना था."

"वो बनाएगी बाड? गाय तुम्हारी, बाड वो बनाएगी?"

अक्का दुकानात दिवसभर "जी अम्मा, ये देखो अम्मा" एवढंच बोलतात. मालकापुढं तर तेवढं पण नाही. चाचा त्यांच्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "मेरी गाय किधर है जी, मैं तो बस बोल रहा."

कंपाउंडर म्हणाले, दोघांची निम्मी निम्मी चूक. चिठ्ठीवर निम्म्याचा चौकोन नव्हता. ताई म्हणाल्या, लवकर करा, मला घरी पाहुणे आहेत. तेवढ्यात आमचा वॉचमन, जो आमच्याच भागातला, म्हणाला, "आमच्याकडं असं झालं की आधी दोघांच्या सोयऱ्यांना बोलवतेत. चहा ठेवतेत. मग विचारतेत, बाबा, उद्या तुम्हाला एकमेकांच्या शेजारीच राहायचं हाय का नाही?"

बस. त्याच्यापुढं ज्युरी माझ्या हातात राहिली नाही. चहा मागवला. विधवेला, म्हणजे मला, एका खुर्चीवर बसवलं, आणि गायवाल्याला, म्हणजे परत मलाच, उठून दुसऱ्या खुर्चीवर बसवलं. दोन्हीकडं विचारलं. मी इकडून तिकडं पळून दमलो. शेवटी ठरलं असं की कुंपण दोघांनी मिळून घालायचं, नवीन कोबीची रोपं गायवाल्यानं आणून द्यायची, आणि गायीचं शेण दोन वर्षं विधवेच्या परसात टाकायचं. शेणाचं अक्कांनी सुचवलं. "कोबी उसके पेट में गया ना. तो जो बाहर आएगा वो भी इसका है." सहाच्या सहा जणांचं एकमत झालं. चिठ्ठीवरचे दोन्ही चौकोन कोरे.

आम्ही सगळे हसलो. बाई पण हसल्या, पण मग ती चिठ्ठी घेऊन खिडकीजवळ बसून राहिल्या.

"बाई, चुकला ना पाठ?" मी विचारलं.

"हौ, चुकला. ज्युरीला तडजोड करता येत नाही. ऐकायचं आणि हो किंवा नाही सांगायचं, एवढंच तिचं काम." मग चिठ्ठी उलटी करून बघितली. "पण अक्का किती बोलली रे आज. तू बघितलं का? चाचांना गप्प केलं तिनं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "याचं काय करायचं ते मला समजेना. तू हे मार्गदर्शिकेत लिहू नक्को. विचार करते मी."

आता माझी चूक ऐका. मी लिहिलं. गंमत म्हणून हो. मार्गदर्शिकेच्या नवव्या पानावर "निकाल तिसरा" म्हणून टाईप केलं, एकदम सरकारी इंग्रजीत. ज्युरीनं दोन्ही पक्षांच्या नातेवाइकांना पाचारण करावं. चहाची व्यवस्था असावी. गायीचं शेण दोन वर्षांपर्यंत फिर्यादीकडं पोचतं करावं. चित्रकाराला दाखवलं, तो खुर्चीवरून पडायचा राहिला. उद्या काढून टाकू म्हटलं. उद्या मी सुट्टीवर होतो. सरांनी फोल्डर उघडलं आणि बाईंचा पाठ तिकडच्या मॅडमना पाठवून दिला. नववं पान धरून.

तीन आठवड्यांनी मॅडमची मेल आली. दोन ओळींची. पाठ वर्गात केला. नवव्या पानाबद्दल मला लेखिकेशी स्वतः बोलायचं आहे.

सरांनी ते पान तेव्हा पहिल्यांदा वाचलं. बाईंनी पण. सर बाईंना तेलुगूतलं आदराचं गारू लावून म्हणाले, "मेडम गारू, शेण? मी अमेरिकेला शेण पाठवलं?" बाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी सरांना सांगितलं नाही की ते कुणी लिहिलं. माझ्याशी दोन दिवस बोलल्याच नाहीत. मला ओरडा खायची सवय आहे, गप्प बसलेल्या माणसाची नाही.

त्या दोन दिवसांत बाई ऑफिस सुटल्यावर अफझलगंजला लायब्ररीत जात होत्या. मला कसं माहीत, तर मी मागं गेलो होतो. माफी मागायला म्हणून गेलो आणि लांबूनच परत आलो. बाई एका जाड पुस्तकावर वाकून, पाठकोऱ्या कागदावर काहीतरी उतरवून घेत होत्या.

कॉल संध्याकाळी पाचला ठरला, तिकडं शाळेची घंटा व्हायच्या आधी. नुसता आवाजाचा कॉल, मॅडमच्या शाळेत व्हिडिओ अडकतो म्हणून. सरांच्या केबिनमध्ये टेबलावर फोन मधोमध ठेवला, स्पीकर चालू. सर एका बाजूला, बाई समोर, त्यांचे कागद हातात. मी दाराजवळ. मला बोलावलं नव्हतं, मी पाण्याची बाटली घेऊन गेलो आणि थांबलो.

मॅडमचा आवाज आला. चांगला आवाज होता, थोडा झोपेतला. नमस्कार वगैरे झालं. मॅडम म्हणाल्या, मला पाठाच्या लेखिकेला विचारायचंय, नवव्या पानावर ज्युरी तडजोड करते. हे असं का आहे?

बाईंनी तोंड उघडलं. आवाजच आला नाही.

मी बाईंना वर्गात कधी बघितलं नाही, पण ऑफिसात त्यांचा आवाज दोन खोल्या पलीकडून येतो. आता त्या नुसत्या बसल्या होत्या. सरांनी हातानं बोला बोला अशी खूण केली. मॅडम म्हणाल्या, हॅलो? ऐकू येतंय का? सरांच्या कपाळावर घाम. परत, हॅलो?

तुम्ही काय केलं असतं मला माहीत नाही. मी बाटली खाली ठेवली, चष्मा नसताना नाकावर बोट ठेवलं, श्वास घेतला आणि बाईंच्या आवाजात म्हणालो, "येस मॅडम. आय अ‍ॅम हिअर."

सर माझ्याकडं असे बघायला लागले जसं टेबलच बोललं. बाईंनी मान वळवली. मला वाटलं, आता थांबलो तर आणखीच वाईट. म्हणून पुढं गेलो. इंग्रजी पण बाईंचं, जपून पाऊल टाकल्यासारखं. म्हणालो, सॉरी मॅडम. ते पान चुकून आलं. ती ऑफिसातली एक गंमत होती. ज्युरीला तडजोड करता येत नाही, आम्हाला ठाऊक आहे. ते पान आम्ही काढून टाकतो, पूर्ण काढून टाकतो.

मला वाटलं, झालं. चूक माझी होती, मीच पुसली. पाठ वाचला, बाई वाचल्या.

मॅडम म्हणाल्या, "ओह." आणि त्या "ओह"मध्ये काहीतरी पडल्यासारखं झालं. म्हणाल्या, ठीक आहे. म्हणजे मागं काही विचार नव्हता तर.

तेवढ्यात बाईंनी फोन स्वतःकडं ओढला. टेबलावर घासून आवाज झाला.

"नो, मॅडम," बाई म्हणाल्या. आवाज घोगरा होता, पण त्यांचाच होता. "दॅट वॉज नॉट मी. आमच्या ऑफिसात एक मुलगा आहे, तो सगळ्यांचे आवाज काढतो. मी घाबरले, म्हणून तो बोलला. आता मी बोलते."

सरांनी डोळे मिटून घेतले. मला खालच्या रस्त्यावरचा ऑटोचा हॉर्न ऐकू येत होता. मग मॅडम म्हणाल्या, "ओके. देन यू टेल मी."

बाईंनी सांगितलं. इंग्रजी अडखळत होतं. मधे एकदा "हौ" आलं, एकदा पूर्ण वाक्य हिंदीत गेलं आणि त्या परत मागं येऊन इंग्रजीत बोलल्या. म्हणाल्या, ते पान काढायचं नाही. ते चुकीच्या जागी आहे. आम्ही इथं सहा माणसं बसवली, त्यांना कायदा माहीत नव्हता, त्यांनी तडजोड केली. मी आधी हसले. मग मी जाऊन वाचलं. त्या काळात तुमच्या गावांत पण शेजाऱ्यांची भांडणं पुष्कळदा ज्युरीपर्यंत जायचीच नाहीत, आधी गावातलेच चार जण बसून मिटवायचे. म्हणजे आमची माणसं जे बोलली ते चुकीचं नाही, ते आधीचं आहे. म्हणून मला ते पान नववं नको, पहिलं पाहिजे. आधी पोरांना मिटवू द्या. चहा देऊ नका पाहिजे तर. मिटलं तर मिटलं. नाही मिटलं तर मग खुर्च्या मांडा, आणि मग सांगा की आता तुम्ही ज्युरी, आता मधला रस्ता नाही. म्हणजे मग त्यांना कळेल ज्युरीच्या हातात काय असतं आणि काय नसतं.

एवढं बोलून बाई पाणी प्यायल्या. माझ्या बाटलीतलं.

मॅडम म्हणाल्या, मी तुम्हाला फोन का केला सांगते. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, तो वर्षभर एकच प्रश्न विचारतो, बाथरूमला जाऊ का? शेणावर सगळा वर्ग दहा मिनिटं हसला. मग त्यानं हात वर केला. मला वाटलं, बाथरूम. तो म्हणाला, पण ज्युरीला असं का करता येत नाही? ते दोघं तर शेजारी आहेत. मग दुसरी बोलली, मग तिसरा. तास संपला तरी बसून होते. मला उत्तर नीट देता आलं नाही. म्हणून मला पान लिहिणाऱ्याशी बोलायचं होतं.

बाईंनी माझ्याकडं बघितलं नाही, पण मला दिसलं की त्यांचा कागद आता टेबलावर होता आणि हात कागदावर.

मॅडमनी पाठ घेतला. म्हणजे एकदम हार घालून नाही. म्हणाल्या, पहिलं पान नीट लिहून पाठवा, माझे अजून दोन वर्ग आहेत, त्यांच्यात करून बघते. पण घेतला. आणि पानावर लेखिकेचं नाव घाला म्हणाल्या. मग त्यांच्याकडं घंटा झाली, फोनमधून ऐकू आली, आणि त्या गेल्या.

सरांचं झाडणं लहान होतं, कारण ते खूश पण होते आणि त्यांना दोन्ही एकदम जमत नाही. "मिमिक्री करनी है तो शादियों में करो. मेरे क्लायंट के सामने करते? मेरा बीपी मालूम है तेरेकू?" मग बाईंना म्हणाले, मेडम गारू, पुढचा पाठ कशावर लिहिताय? आणि बीपीची गोळी शोधायला गेले.

बाई मला बाहेर जिन्याच्या वळणावर घेऊन गेल्या. तिथं खालच्या दुकानाचे रिकामे खोके रचलेले असतात. चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला.

"ते पान तू लिहिलंस, हे मी सरांना सांगितलं नाही. ते तू सांगायचं. आज. घरी जायच्या आधी."

"हो बाई."

"हो बाई नक्को म्हणू. ऐक. पान लिहिलंस त्याचा मला राग नाही. म्हणजे आहे, पण तो जाईल. खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे."

"बाई, तुमचा आवाज निघत नव्हता, मॅडम फोन ठेवून देणार होत्या, मी फक्त..."

"ठेवू दे ना. परत लावला असता. नाहीतर नसता लावला. माझा पाठ होता. मला घाबरायला वेळ लागत होता, लागू दे ना रे. एक मिनिट लागलं असतं, दोन लागली असती. तू कशाला मधे आलास? आणि आलास ते आलास, आवाज माझा काढलास आणि बोललास काय? काढून टाकतो म्हणे. मी दोन दिवस लायब्ररीत डोळे फोडले ते काढून टाकायला?"

मी एका खोक्यावरची चिकटपट्टी नखानं खरवडायला लागलो.

"तीस वर्षं मी वर्गात काय केलं माहिती आहे? पोरगं उभं राहायचं, उत्तर यायचं नाही, मी तीन मोजायचे आणि म्हणायचे, बस, तू सांग रे शेजारच्या. शेजारचा भडाभडा सांगायचा. मला वाटायचं, वेळ वाचला. त्या उभ्या पोराला कसं वाटत असेल ते मला आज संध्याकाळी पाच वाजता कळलं. या वयात. तुझ्यामुळं." त्यांचा आवाज थोडा वर गेला, खाली अक्कांनी मान वर करून बघितलं. "आणि तू तर किती छान बोललास. किती छान. मला माझाच राग यायला लागला."

"चुकलं, बाई."

"हे चुकलं कुणाच्या आवाजातलं? तू सांगतोस ना त्या तुमच्या हेडमास्तरांचं, त्यांच्यापुढं काढायचास तो आवाज आहे हा. असलं चुकलं मी पुष्कळ ऐकलंय. माझ्यापुढं उभा आहेस ना, मग सांग, तू असं का केलंस? पाठ करून आणलेलं नाही. खरं सांग."

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं म्हणजे मला सांगायचं होतं की मी घाबरलो होतो, की त्या गप्प बसल्या ते मला बघवेना, की ते पान माझं होतं. पण ते बोलायला कुणाचाच आवाज सापडेना. बाईंनी हाताची घडी घातली आणि खोक्याला टेकून उभ्या राहिल्या.

"मोजत नाही मी," बाई म्हणाल्या. "आत्ता कुठं सहा वाजलेत, माझी बस पावणेसातला आहे."